पद्मा मॅडम आणि रेतीवरची मंडळी

गेल्या आठवड्यात नातीचा फोन आला. ईरा समुद्राकाठच्या शहरात नोकरीला असते, आणि एकटी राहते, म्हणजे एका कुत्र्याबरोबर राहते. तिथल्या चौपाटीवर कुत्र्यांना पट्ट्याशिवाय सोडू द्यायचं की नाही, यावरून म्हणे चांगलीच जुंपली आहे. सकाळी तासभर तरी सोडू द्या, असा अर्ज तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी केला आहे.

"आजी, लिंक पाठवलीय. सही कर. नुसतं बोट लावायचं."

मी म्हटलं, "बाई गं, कुत्र्यांच्या बाबतीत मी एकदा सही करून बसले आहे. नुसती सही नव्हे, अख्खा अर्ज माझ्या हातचा. तो अजून निस्तरते आहे."

"कुणाच्या बाजूनं केला होतास? कुत्र्यांच्या की माणसांच्या?"

"माझ्या," मी म्हटलं.

पुढचं तिला फोनवर सांगता येईना. सांगायचं तर पद्मा मॅडमपासून सुरुवात करायला हवी, आणि पद्मा मॅडमचं नाव काढलं की मला अजून पोटात जळजळतं. डॉक्टर त्याला ॲसिडिटी म्हणतात. मी जाणते, तो मत्सर आहे. या वयात पचायला जरा जड जातो, इतकंच.

मी तेव्हा अवघी अठ्ठावन्न वर्षांची पोरगी होते. केस काळे करत असे आणि स्वतःला फार शहाणी समजत असे. माहेर साताऱ्याचं, यांच्या बँकेच्या बदलीपायी उज्जैनला आले ती इथंच मुरले. पण मुरले हे कबूल करायची तयारी नव्हती. तीस वर्षं क्षिप्रेचं पाणी पिऊनसुद्धा 'आमच्याकडे असं नसतं' हे वाक्य मी औषधासारखं दिवसातून तीनदा घेत असे.

पद्मा मॅडम इथल्याच. सात पिढ्यांमागे कुणी पूर्वज दरबारी चिटणिशीला म्हणून आला आणि त्याला परतीचा रस्ता सापडला नाही, असं त्या सांगत. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यांचं मराठी ऐकलं की मी मनातल्या मनात कानावर हात ठेवी. "अहो शालूबाई, मी केव्हाची घंटी वाजवून राहिले, तुम्ही दारच नाही खोलून राहिल्या!" आज ईरा माझी वाक्यं आपल्या मैत्रिणींना ऐकवून हसते. परवा मीच तिला म्हटलं, "थांब, मी गॅस बंद करून राहिले." देव सगळं बघत असतो.

मुलींच्या सरकारी शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. नुकत्याच रिटायर झालेल्या. उंच, सडसडीत, मान अशी ताठ की पावसाचं पाणीसुद्धा सरळ खाली उतरावं. नेसायला भैरवगढच्या छापाची सुती साडी, चार बोटं वर खोचलेली, आणि तिच्याखाली पुरुषी कॅनव्हासचे बूट, दर रविवारी खडूनं पांढरे केलेले. गळ्यात शिट्टी. ती मात्र त्या कधी वाजवत नसत. "नोकरीत वाजवून झाली. आता ही शोभेची," म्हणत. लग्न केलेलं नव्हतं. आमच्या भजनी मंडळातल्या एकीनं कारण विचारलंच, तेव्हा म्हणाल्या, "आले होते ना दोन-तीन. मैदानाचे दोन राउंड मारा म्हटलं, तर धापा टाकू लागले. म्हटलं, इथंच ही हालत, पुढचं काय?"

आणि तीन कुत्री. बाई शाळेतून बाहेर पडल्या होत्या, शाळा बाईंमधून बाहेर पडली नव्हती. कुत्र्यांची नावं मॉनिटर, छुट्टी आणि टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. मॉनिटर काळा, दांडगा, सगळ्यांच्या पुढे चालणारा. छुट्टी बारकी, तांबूस, कुठंही पळणारी. आणि टीसी म्हातारा, पिवळट, एका डोळ्यात मोतीबिंदू. कुणा भाडेकरूंची बदली झाली, त्यांनी सामान ट्रकात भरलं आणि कुत्र्याला मागच्या अंगणात तारेनं बांधून निघून गेले. चौथ्या दिवशी मॅडमनी ओरडणं ऐकलं आणि भिंतीवरून उडी मारून त्याला सोडवलं. "यांची ट्रान्सफर झाली आणि याला टीसी दिली," असं त्या हसत सांगत. हसत सांगत, म्हणून मी त्यातली तार नीट ऐकली नाही. ती पुढं ऐकू आली.

आमचा घाट म्हणजे रामघाटाच्या गर्दीपासून बराच पुढे, नदी वळते तिथला. वीसेक पायऱ्या, एक पिंपळ आणि पाणी ओसरलं की पायऱ्यांखाली उघडा पडणारा रेतीचा पट्टा. यात्रेकरू तिकडे फिरकत नसत. सकाळी कॉलनीतली माणसं फिरायला, आम्ही दहा-बारा बायका भजनाला, आणि रेतीवर पद्मा मॅडमची मंडळी. शेवटच्या पायरीवर उभ्या राहून त्या हात मागे बांधत आणि म्हणत, "जा." झालं. तिघं जी सुटत! मॉनिटर पाण्याच्या कडेनं दौडत जाई, छुट्टी स्वतःच्याच शेपटीमागे गरगरे, आणि टीसी दहा पावलं चालून रेतीत पाठ घासत चारी पाय आभाळाकडे करी. दोरी नाही, पट्टा नाही, साखळी नाही. तासाभरानं मॅडम म्हणत, "चला, मंडळी." एकदाच. ओरडून नव्हे, पानावर वाढताना म्हणावं तसं. आणि असतील तिथून तिघंही येत.

हे एकदाच बोलावणं मला फार लागलं. माझ्या घरी मी एकाच माणसाला चाळीस हाका मारून दोन वेळा जेवू घालत होते.

"एकदाच कसं हो?" मी एकदा न राहवून विचारलं.

"दुसऱ्यांदा बोलावलं की ती विनवणी होते शालूबाई. आणि तिसऱ्यांदा धमकी. कुत्र्याला दोन्ही समजतात."

मी घरी जाऊन प्रयोग केला. पोहे झाले, एकदाच म्हटलं, "अहो, या." आणि तोंड मिटून बसले. हे पेपर वाचत होते. पोह्यांचा पार चिवडा झाला, चहावर साय धरली, मी मात्र हटून बसलेली. पाऊण तासानं यांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, "आज नाश्ता नाही का?" प्रयोग फसला. कुत्र्याला समजतात म्हणाल्या होत्या; माझ्या घरच्या प्राण्याबद्दल त्यांनी हमी दिली नव्हती.

त्या रोज एक खुरपं आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन येत. मंडळींपैकी कुणी घाण केली की स्वतः उचलत, इतरांच्या कुत्र्यांचीही उचलत, आणि वर "जय महाकाल" म्हणून पुढं जात. त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मी शोधली. खरंच शोधली. नथीचा मोती हरवावा तशी मी त्या रेतीत खोट शोधत होते.

आता मुख्य दुखणं सांगते. हे रिटायर झाल्यावर रोज सकाळी घाटावर जाऊ लागले. मी भजनाला पिंपळाखाली, हे खाली पायरीवर. घरी यांचं बोलणं म्हणजे 'हो', 'नाही' आणि 'मीठ' असे तीनच शब्द. आणि तिथून यांच्या हसण्याचा आवाज येई. मंडळातल्या बायका टाळ वाजवता वाजवता माझ्याकडे बघत. एकजण तर म्हणाली, "वहिनी, भाईसाहब की तबियत बड़ी अच्छी हो गई है इन दिनों।"

दुसऱ्या दिवशी मी भजन सोडून पिंपळाच्या बुंध्याआड जाऊन उभी राहिले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, हातात टाळ, नवऱ्यावर पाळत ठेवून! बघते तर पद्मा मॅडम या टोकाला, पाठ करून, नदीकडे बघत उभ्या. हे पाच-सहा पायऱ्या सोडून बसलेले. आणि यांच्या मांडीवर डोकं ठेवून टीसी. हे त्याला सांगत होते:

"काल पुन्हा गवार. तीस वर्षं झाली राजा. मला गवार आवडत नाही. पहिल्या वर्षी चांगली झालीय म्हटलं, नवी नवरी होती, काय बोलणार? तेव्हापासून दर बुधवारी. आता कुठल्या तोंडानं सांगू? तू सांगशील?"

टीसीनं जांभई दिली. हे खदखदून हसले.

तुम्हांला वाटेल, मला वाईट वाटलं असेल. छे! मला राग आला, आणि तोही यांचा नव्हे. परक्या बाईचा मत्सर करणं एक वेळ शोभतं, त्यात थोडी तरी इज्जत असते. पण मोतीबिंदू झालेल्या कुत्र्याचा? तीस वर्षांत मला न सांगितलेलं त्या कानफाट्याला सांगून झालं होतं. तो राग मला पद्मा मॅडमवरच काढणं भाग होतं. पुढच्या बुधवारी मी गवार केली. गुरुवारीही केली.

मग चपलेचं झालं. भजन संपलं, आम्ही उठलो, तर माझी एकच चप्पल जागेवर. दुसरी छुट्टीच्या तोंडात, आणि छुट्टी रेतीवर. नवी कोरी, फ्रीगंजच्या बाजारातून घेतलेली, सोनेरी पट्ट्याची. मी एका पायात चप्पल घालून तिच्यामागे पळाले. ती थांबे, मी जवळ गेले की पुन्हा पळे. सगळा घाट हसत होता. शेवटी मॅडमनी म्हटलं, "छुट्टी, दे." ती आली आणि चप्पल माझ्या पायाशी नव्हे, मॅडमच्या बुटांशी ठेवली. मॅडमनी ती पदरानं पुसून माझ्यापुढे धरली. "माफ करा शालूबाई. तिला चमकतं ते आवडतं." एवढं होऊनही मी घरी गेले असते. पण सगळ्यांत मोठ्यांदा हसत होते ते हे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्याच दुपारी मी अर्ज लिहिला.

माझं अक्षर मोत्यासारखं. मंडळाची चिटणीस मीच. हिंदी अर्जात 'सविनय निवेदन है' असं काही वळणदार लिहीत असे की वाचणाऱ्यानं आधी चष्मा पुसावा. चपलेचा उल्लेख केला नाही. लहान मुलं, वृद्ध, श्रद्धाळू, स्वच्छता, घाटाचं पावित्र्य, सगळ्यांना कामाला लावलं. मंडळातल्या बायकांच्या सह्या घेतल्या. यांना विचारलं नाही. वॉर्डाच्या ऑफिसातला बाबू जरा कचरला. म्हणाला, "मैडम, भैरवनाथ की सवारी है। उसको पट्टा कैसे डलवाएँ?"

मी म्हटलं, "सवारी है तो लगाम भी होगी!"

या उत्तरावर मी इतकी खूश होते की घरी येताना ते रिक्षावाल्यालाही ऐकवलं.

पावसाळ्याआधी घाटावर निळी पाटी लागली. कुत्र्यांना पट्ट्याशिवाय आणायला मनाई. बरोबर एक चौकीदारही आला, हातात काठी आणि काम दाखवायची हौस. त्यानं आठवडाभरात गल्लीतली भटकी कुत्रीसुद्धा घाटावरून हाकलून लावली. पायऱ्या स्वच्छ, रेती स्वच्छ. एखाद्या न वापरलेल्या ताटासारखी.

पद्मा मॅडम पाटीपुढे उभ्या राहिल्या, ती शेवटपर्यंत वाचली. भांडल्या नाहीत. वॉर्डात जाऊन मूळ अर्ज तेवढा बघून आल्या. दुसऱ्या दिवशी मी भाजी घेत होते, तर शेजारी येऊन उभ्या.

"शालूबाई, अर्ज वाचला. अक्षर फार सुंदर आहे तुमचं. दहापैकी दहा."

आणि दुधी निवडायला लागल्या. त्यात टोमणा नव्हता हो, तीच तर पंचाईत! खरोखरच त्यांना अक्षर आवडलं होतं. मी ते दहा गुण घेऊन घरी आले आणि दुपारभर मला झोप लागली नाही.

मॉनिटर आणि छुट्टी पुढे दोरीनं येऊ लागले. मॅडम त्यांना रेतीवर एक फेरी मारून आणत, दोन्ही हात गुंतलेले, मान तशीच ताठ. टीसी आला नाही. मी विचारलं नाही, चौकीदारानं विचारलं. "उसके गले में कुछ नहीं डलेगा भैया," त्या म्हणाल्या. "तार मांसात रुतली होती. आता नुसता धागा दाखवला तरी तो पलंगाखाली जाऊन थरथरतो. तो घरीच बरा." मी तेव्हा टाळांची जोडी पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले.

यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. घाटावर जायचे, पायरीवर बसायचे, परत यायचे. हसण्याचा आवाज मात्र बंद झाला. मंडळातली ती बाई काही बोलली नाही. तिनंही सही केली होती.

त्या माघात हे गेले. दोन दिवसांचा ताप आणि संपलं. पद्मा मॅडम आल्या, स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांचा चहा केला. फाटकाबाहेर टीसी येऊन पडला होता, तो दुसऱ्या दिवशीही तिथंच. लोक म्हणत होते, बिचारा मुका जीव. मी रडत होते आणि आत कुठंतरी म्हणत होते, बघा, दुःखातसुद्धा हा माझ्यावर कडी करतोय. मला स्वतःचीच लाज वाटली, पण वाटलं ते वाटलं. लिहायचं तर खरं लिहावं.

वर्षश्राद्ध आपल्याच घाटावर करायचं मी ठरवलं. यांची सकाळची जागा ती. मुलगा मिलिंद बंगळुरूहून आला. पंडितजींनी सगळं यथासांग केलं आणि शेवटी पाच पत्रावळींवर पाच घास काढले. आमच्या साताऱ्याकडे कावळ्यावर भागतं. इकडे माळव्यात गाय, कावळा, कुत्रा, मुंगी आणि देव, पाचांनाही द्यावं लागतं, आणि पाचही पोचल्याशिवाय पंडितजी उठत नाहीत. तीस वर्षं 'आमच्याकडे असं नसतं' म्हणत बसले, त्यात हे नीट बघायचं राहून गेलं होतं. यांचं तेरावं सिद्धवटाच्या घाटावर झालं, तिथं कुत्र्यांना तोटा नव्हता, त्यामुळे तेव्हाही लक्षात आलं नाही.

कावळा लगेच शिवला. मी मनात म्हटलं, चला, मागे काही ठेवून गेले नाहीत. गाय आली, खाऊन गेली. मुंग्या न बोलावता हजर. आणि एक पत्रावळ तशीच.

"माताजी, श्वान का ग्रास रह गया," पंडितजी म्हणाले.

आम्ही बघतोय. घाट स्वच्छ. वरपासून खालपर्यंत एक शेपूट दिसेल तर शपथ. चौकीदार अभिमानानं म्हणाला, "यहाँ कुत्ता नहीं मिलेगा पंडितजी। सख्त पाबंदी है।"

"किसने लगवाई?"

चौकीदारानं काठीनं माझ्याकडे दाखवलं. "माताजी ने।"

मिलिंदनं माझ्याकडे बघितलं. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "आई?"

मी पाण्याकडे बघत राहिले. पाणीही माझ्याकडे बघत होतं. पंडितजी म्हणाले, घास रस्त्यावर नेऊन ठेवा, कुठलंही कुत्रं खाईल. आणि ते चाललं असतं. पण यांच्या घाटावर, यांच्या पायरीशी, यांचाच घास मी पानात गुंडाळून रस्त्यावर कुत्रं शोधत हिंडायचं? ते माझ्यानं होईना. मिलिंदला म्हटलं, "दोन गल्ल्या सोडून पद्मा मॅडमचं घर आहे. जा. म्हणावं, शालूबाईंनी बोलावलंय." मग म्हटलं, "नाही, विनवणी केलीय म्हणून सांग."

त्या आल्या. मॉनिटर आणि छुट्टी दोरीला. दोघांनी पत्रावळ हुंगली आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत बसून राहिली. त्यांच्या हुकमाशिवाय ती कुणाचं काही खात नसत.

"म्हणा ना त्यांना खा म्हणून," मी म्हटलं.

"म्हटलं तर खातील. पण मग मी खाऊ घातलं शालूबाई. त्यांनी घेतलं असं नाही ना होणार?"

पंडितजींनी मान डोलावली. "सही बात है। बँधा हुआ खाएगा, हुकुम से खाएगा, तो वो राशन हुआ, ग्रास नहीं। खुला जीव अपनी मर्ज़ी से ले, तब पहुँचता है।"

मी पद्मा मॅडमकडे बघितलं. काय मागायचं ते मला कळत होतं. शेवटी म्हटलं, "टीसी चालू शकतो का अजून?"

"चालतो. पण दोरी नाही हं त्याला."

"नको," मी म्हटलं. "तसाच आणा."

चौकीदार काठी आडवी धरून उभा राहिला. "माताजी, नियम..."

"माझाच आहे तो," मी म्हटलं. "बाजूला हो."

टीसी वरच्या पायरीवर दिसला. पार म्हातारा झालेला, दुसऱ्या डोळ्यातही मोती उतरलेला. मॅडम त्याच्या मागे चार पावलं, हात पाठीशी बांधलेले. कुणी बोलावत नव्हतं. तो एकेक पायरी पायानं चाचपत उतरला, निळ्या पाटीखालून गेला, आणि पत्रावळीकडे न येता डावीकडे वळला. यांची बसायची जागा. तिथं नाक टेकून उभा राहिला. बराच वेळ. एवढा की पंडितजींनी घड्याळ बघायचं सोडून दिलं. मग वळून सावकाश पत्रावळीशी आला आणि जेवायला लागला. खीर खाल्ली, वडा खाल्ला, भात खाल्ला, भोपळ्याची भाजी चाटूनपुसून खाल्ली.

गवार तेवढी नाकानं बाजूला सारली.

श्राद्धाला गवार लागतेच, म्हणून मी मुद्दाम केली होती, आणि यांना आवडायची म्हणून जरा जास्तच केली होती; म्हणजे मनाला अजूनही तसंच सांगत होते. ती हिरवी रास पानावर तश्शीच. मला हसू फुटलं. पांढऱ्या साडीत, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला, भर घाटावर मी पोट धरून हसत होते, पंडितजी घाबरून बघत होते आणि मिलिंद मला धरू की नको अशा बेतात. पद्मा मॅडम एकट्याच शांत होत्या. त्यांना ठाऊक होतं. इतके दिवस पाठ करून उभ्या असल्या तरी कान थोडेच पाठ करतात!

"तुम्ही मला सांगितलं का नाही कधी?" मी विचारलं.

"ते टीसीला सांगत होते शालूबाई. मला नाही."

दुसऱ्या अर्जाला मला तीन दिवस लागले, कारण अक्षर बिघडू द्यायचं नव्हतं. सूर्योदयापासून एक तास रेतीच्या पट्ट्यावर कुत्र्यांना मोकळं सोडू द्यावं. घाण मालकानं उचलावी. चावणारं कुत्रं आणू नये. खाली एकटीची सही. बाबूनं पहिला अर्ज काढून शेजारी ठेवला. "मैडम, दोनों आपके ही हैं?" मी म्हटलं, "हो, पहिला माझ्या लहानपणचा आहे." वर्षभर खेटे घालावे लागले. मग रंगारी आला आणि निळ्या पाटीखाली पांढऱ्या अक्षरांत एक ओळ वाढवून गेला. टीसी तेवढा एक उन्हाळा रेतीत पाठ घासून गेला. पुरेसं नव्हतं, पण होतं.

म्हणून मत्सर गेला म्हणाल, तर नाही. मी मग एक कुत्रं पाळून बघितलं. ते माझं ऐकत नसे, मॅडमचं ऐकत असे.

परवा मी ईराच्या त्या अर्जावर बोट लावलं. अक्षर दाखवायची सोय नाही, म्हणून जरा हिरमुसले. पण मॅडमना शेवटचं बघितलं ती सकाळ डोळ्यांपुढे आली. सात-आठ वर्षं झाली. गुडघे गेले होते, त्यांची भाची त्यांना ग्वाल्हेरला न्यायला आली होती, सामान गाडीत चढलेलं. त्या म्हणाल्या, एकदा घाटावर जाऊन येते. मी पिंपळाखाली नेहमीसारखी बसले होते, भजन संपलेलं, बायका गेलेल्या. रेतीवर सातआठ कुत्री सुटलेली, कॉलनीतली, कुणाकुणाची. त्यांची एकही नव्हती त्यात. मॅडम काठी टेकत शेवटच्या पायरीपर्यंत गेल्या. बूट पांढरेशुभ्र. गळ्यात शिट्टी. काठी पायरीला टेकवून ठेवली. मग हात पाठीशी बांधले आणि सवयीनं, कुणाकडेही न बघता, पानावर वाढताना म्हणावं तसं म्हणाल्या, "चला, मंडळी."

एकदाच म्हणाल्या.

कुठली कुठली कुत्री कान टवकारून त्यांच्याकडे निघाली. आणि माझ्या लक्षात आलं, चपला पिंपळाखालीच टाकून, मीही अर्ध्या पायऱ्या उतरून आले होते.